जपून राहा, म्हणजे नेमके काय?

२०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भोपाळ, विदिशा, सीहोर या पट्ट्यात झिकाचे रुग्ण सापडू लागले. आधी जयपूर, मग मध्य प्रदेश. राज्यातल्या रुग्णांचा आकडा शंभराच्या पुढे गेला आणि त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. झिका एडिस डासामुळे पसरतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो, म्हणून काळजी मोठी होती. पण या विषाणूचा आणखी एक मार्ग आहे, तो शरीरसंबंधाचा. पुरुषाच्या वीर्यात झिका काही आठवडे, कधी काही महिने टिकून राहतो. त्यामुळे साथीच्या भागातल्या जोडप्यांना जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असतो, की बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरा किंवा संबंध टाळा. महाराष्ट्रात पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या बाधितांमध्ये गर्भवतींची संख्या लक्षणीय होती. म्हणजे हा सल्ला आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

असा सल्ला द्यायचा तर डॉक्टरांना गर्भवतीशी तिच्या आणि नवऱ्याच्या संबंधांबद्दल स्पष्ट शब्दांत बोलावे लागते. आपल्याकडे नेमके तेच होत नाही. रक्त तपासतात, वजन घेतात, लोहाच्या गोळ्या किती उरल्या ते विचारतात, सोनोग्राफीची तारीख देतात. या विषयापाशी आले की मात्र दोनच शब्द उरतात: ‘जपून राहा.’ भोपाळच्या ओपीडीत हेच ‘परहेज रखिए’ होऊन येते. बाई मान हलवते, नवरा दाराबाहेर असतो, आणि घरी गेल्यावर दोघांनाही कळत नाही की हा परहेज जिन्यांचा, प्रवासाचा की एकमेकांचा. विचारायची सोय नसते. सासूला विचारता येत नाही, आईला विचारायला जीभ रेटत नाही. मग सगळ्यात सुरक्षित म्हणून नऊ महिने वेगळे झोपायचे ठरते. किंवा उलट होते. नवरा ऐकत नाही आणि ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ एवढे म्हणायलाही बाईच्या हाती काही ठोस नसते.

माझे म्हणणे साधे आहे. वैद्यकीय बंदी घालायची असेल तर तिच्यासोबत कारण सांगितले पाहिजे आणि मुदतही सांगितली पाहिजे. कारण आणि मुदत नसलेली बंदी जोडप्याला भीतीखेरीज काहीही देत नाही.

आधी शरीरात काय होते ते पाहू. दिवस राहिल्यापासून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके चढत जातात. अंगातल्या रक्ताचे प्रमाण हळूहळू वाढून चाळीस ते पन्नास टक्क्यांनी जास्त होते आणि त्यातला मोठा वाटा ओटीपोटाकडे जातो. योनिमार्ग आणि गर्भपिशवीचे तोंड यांना एवढा रक्तपुरवठा होतो की त्यांचा रंग निळसर-जांभळट दिसू लागतो. स्राव वाढतो, संवेदना तीव्र होतात. काही स्त्रियांना त्यामुळे संबंधात पूर्वीपेक्षा जास्त सुख मिळते, काहींना त्याच रक्तभाराने जडपणा आणि दुखणे जाणवते. दोन्ही नैसर्गिक आहे. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, उलट्या, झोप आवरेनाशी होणे, छाती इतकी दुखरी की ब्लाऊजचाही स्पर्श नकोसा वाटतो. अशा वेळी इच्छा मावळली तर त्यात नवल नाही. चौथ्या महिन्यापासून मळमळ ओसरते, अंगात जोर येतो, गर्भ पडेल ही धास्ती कमी होते. पुष्कळ स्त्रियांना याच काळात जवळीक हवीशी वाटते. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधल्या तिमाहीत इच्छा वाढल्याचे नोंदवले होते. पुढच्या संशोधकांना मात्र सगळीकडे तसे आढळले नाही. कुणाची वाढते, कुणाची तशीच राहते, कुणाची कमी होते. शेवटच्या तिमाहीत ती बहुतेकींची उतरते, याबद्दल फारसा वाद नाही. पोट मोठे, पाठ दुखते, रात्री तीनदा लघवीला उठावे लागते, छातीत जळजळते.

आपल्याकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या गर्भवतींपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आहेत. हिमोग्लोबिन नऊवर असलेली, दिवसभर घरकाम करून रात्री अंथरुणाला पाठ टेकणारी बाई ‘इच्छा नाही’ म्हणते तेव्हा तिचे नवऱ्यावरचे प्रेम आटलेले नसते. तिच्या रक्तात लोह नसते.

आता मनातल्या मोठ्या भीतीबद्दल. बाळाला लागेल का? पुरुष ही भीती बोलून दाखवत नाहीत, पण ती त्यांच्यातही खोल असते. बाळ पाणमोटेत, गर्भजलात तरंगत असते. भोवती गर्भाशयाची जाड स्नायूंची भिंत असते आणि पिशवीचे तोंड घट्ट मिटलेले असते. त्या तोंडावर चिकट द्रवाचे जाड बूच बसलेले असते, ते जंतूंना वर जाऊ देत नाही. संबंधाच्या वेळी बाळापर्यंत काहीही पोहोचत नाही. सुखाच्या परमोच्च क्षणी गर्भाशय आवळते, पोट दगडासारखे घट्ट होते आणि काही मिनिटांत सैल पडते. त्या आवळण्याने कळा सुरू होत नाहीत. ज्यांच्या गरोदरपणात काही गुंतागुंत नाही अशा स्त्रियांत संबंधांमुळे गर्भपात किंवा मुदतपूर्व प्रसूती वाढते असे अभ्यासांत आढळलेले नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांचे सगळ्यात मोठे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे असते. तो दोष गर्भ धरतानाच पडलेला असतो. ‘त्या रात्रीमुळेच झाले’ असे मनात धरून वर्षानुवर्षे स्वतःला दोष देणाऱ्या जोडप्यांनी हे एकदा नीट ऐकावे.

तारीख उलटून गेली की उलटा समज कानावर येतो. संबंध ठेवा म्हणजे कळा येतील. वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असते आणि पिशवीचे तोंड मऊ करण्यासाठी रुग्णालयात याच गटातले औषध वापरतात, तिथून हा समज आला. पण संबंधांनी प्रसूती लवकर होते असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही.

बंदी कधी खरी असते? वार खाली असेल, म्हणजे पिशवीच्या तोंडावर किंवा अगदी लगत चिकटलेली असेल, तेव्हा. तिथे धक्का लागला तर जीव धोक्यात येईल असा रक्तस्राव होऊ शकतो. अंगावरून रक्त जात असेल आणि कारण कळलेले नसेल, पाणमोट आधीच फुटली असेल, मुदतपूर्व कळा येऊन गेल्या असतील, पिशवीचे तोंड आखूड झाले असेल किंवा त्याला टाका घातला असेल, तेव्हाही. पूर्वी मुदतीआधी प्रसूती झालेली असेल किंवा जुळी असतील तर आपल्या डॉक्टरांशी स्वतंत्र बोलून ठरवावे. संबंधानंतर एखादा लालसर डाग दिसला तर तो बहुधा रक्त भरलेल्या नाजूक तोंडावरून आलेला असतो, तरी तो डॉक्टरांना सांगायचाच. रक्त पाळीसारखे जाऊ लागले, पाण्यासारखा स्राव वाहू लागला, किंवा ठरावीक अंतराने कळा येत राहिल्या, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

यातली खाली असलेली वार हे मुदतीचे सगळ्यात चांगले उदाहरण आहे. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ‘वार खाली’ असे लिहून येते आणि घरात भूकंप होतो. पण गर्भाशय वाढते तसा त्याचा खालचा भाग ताणला जातो आणि वार तोंडापासून दूर सरकत जाते. त्या वेळी वार खाली दिसलेल्या दहापैकी साधारण नऊ जणींची वार शेवटच्या तिमाहीपर्यंत वर गेलेली असते. म्हणून बत्तीस आठवड्यांच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात. बंदी घालताना डॉक्टर बोललेले असतात. बंदी उठली हे मात्र बहुधा कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. कागदावर वार वर गेलेली असते, घरात ती प्रसूतीपर्यंत खालीच राहते.

सरसकट मनाईची परंपरा जुनी आहे. सुश्रुत संहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहिल्यापासून मैथुन, अतिश्रम, दिवसा झोप, रात्रीचे जागरण अशा गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत. मी त्यावर हसणार नाही. ज्या काळात वार कुठे आहे, पिशवीचे तोंड किती लांब आहे हे पाहायचे कुठलेच साधन नव्हते, त्या काळात सगळ्यांनाच मनाई करणे हा शहाणपणाचा निर्णय होता. ज्या काहींना धोका होता त्या त्यामुळे वाचल्या असतील. आज ते साधन तालुक्याच्या गावी आहे. धोका कुणाला आहे हे कळत असताना सगळ्यांना एकाच दोरीने बांधण्याचे कारण राहिलेले नाही. तरीही २०१७ मध्ये केंद्राच्या योग व निसर्गोपचार संशोधन परिषदेची माता-बालसंगोपनावरची पुस्तिका चर्चेत आली, तेव्हा तीत गर्भवतींना काम, क्रोध, मोह यांपासून अलिप्त राहण्याचा उपदेश होता. मांसाहार आणि अंडी टाळायचाही होता. देशभरच्या डॉक्टरांनी टीका केली. गोव्याचे श्रीपाद नाईक तेव्हा आयुष मंत्री होते. पुस्तिकेने शरीरसंबंधांना मनाई केलेली नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. वाद ओसरला, पण एक गोष्ट तशीच राहिली. काय करू नये हे सांगणारे साहित्य आपल्याकडे ढिगाने आहे. केव्हा चालते, का चालते, हे सांगणारे साहित्य शोधावे लागते.

खरे तर भोपाळला बोलण्याची परंपरा आहे, आणि तीही बायकांनीच घातलेली. नवाब शाहजहाँ बेगम यांनी १८६८ ते १९०१ इथे राज्य केले. त्यांनी १८८९ मध्ये ‘तहजीब-उन-निस्वान’ हा ग्रंथ लिहिला. स्त्रियांसाठी स्त्रीने लिहिलेला, घरगुती ज्ञानकोशाच्या तोडीचा असा हा उर्दू ग्रंथ. गरोदरपण, बाळंतपण, दूध पाजणे, आजार, रीतिरिवाज असे सगळे त्यात आहे. त्यांच्याच काळात शहरात स्त्रियांसाठी लेडी लॅन्सडाउन यांच्या नावाने रुग्णालय उघडले. पुढे त्यांची मुलगी सुलतान जहाँ बेगम यांनी दाईंना शास्त्रीय शिक्षण देण्याचा आग्रह धरला आणि पती-पत्नींच्या परस्पर कर्तव्यांवर स्वतः पुस्तक लिहिले. सुलतानिया जनाना रुग्णालयाच्या नावात आजही त्यांची आठवण आहे. पडद्यात राहून राज्य करणाऱ्या या बायकांना बाईच्या शरीराबद्दल लिहिणे अनुचित वाटले नाही.

मराठीत हे काम र. धों. कर्वे यांनी केले. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी छापील उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. लोकांना शंका आहेत आणि त्यांना उत्तर मिळणे हा त्यांचा हक्क आहे, हा मुद्दा आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी मांडून झाला आहे.

भोपाळबद्दल लिहिताना १९८४ ची २ डिसेंबरची रात्र ओलांडून जाता येत नाही, आणि या विषयाचा तिच्याशी संबंध आहे. वायुगळतीनंतर नऊ महिन्यांनी केलेल्या एका पाहणीत, त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांची माहिती गोळा झाली. त्यांतल्या सुमारे ४३ टक्के गरोदरपणांचा शेवट जिवंत बाळात झाला नाही. डोळे आणि फुप्फुसे यांवर सगळ्यांचे लक्ष होते. बायकांच्या ओटीपोटाकडे पाहायला कुणी नव्हते. १९८५ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सद्गोपाल यांनी गॅसग्रस्त वस्त्यांतल्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा पांढरे पाणी जाणे, ओटीपोटातली सूज, पाळीतला बिघाड, आईचे दूध आटणे अशा तक्रारींचा डोंगर समोर आला. त्या बायका बोलायला तयार होत्या. त्यांना तोवर विचारलेले नव्हते. पुढे राणीताईंनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत हेच काम व्यापक पद्धतीने केले. १९८९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधीही तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या.

गर्भ गमावलेल्या जोडप्याच्या जवळिकीबद्दल तर कुणीच बोलत नाही. रक्त जाणे थांबले आणि बाईची मनापासून तयारी असली की शरीराच्या बाजूने संबंधांना हरकत नसते. मनाची बाजू वेगळी. स्पर्शाबरोबर गेलेले बाळ आठवते, पुन्हा दिवस राहतील आणि पुन्हा जातील अशी धास्ती वाटते. नवऱ्याने त्या नकाराला रुसवा समजू नये. दोघे एकाच दुःखात असतात, पण दोघांचे दिवस सारख्या गतीने जात नाहीत.

संसर्गाबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण इथे चूक झाली तर ती बाळाला भोगावी लागते. गरोदरपणी पांढरे पाणी जास्त जाणे स्वाभाविक आहे. खाज सुटली, दह्यासारखे गोळे दिसले, हिरवट रंग किंवा कुबट वास आला तर तो संसर्ग समजावा आणि उपचार घ्यावेत. पहिल्याच तपासणीत एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपटायटिस बी यांच्या चाचण्या होतात. बाईच्या होतात, नवऱ्याच्या बहुधा राहून जातात. पण आईला हे आजार गरोदरपणातच नव्याने झाले तर बाळाला लागण होण्याचा धोका फार वाढतो, कारण नव्या संसर्गात जंतूंचे प्रमाण सर्वाधिक असते. बायको माहेरी असताना नवऱ्याचे बाहेर संबंध आले असतील, तर त्याने स्वतःची तपासणी करून घेणे आणि निरोध वापरणे ही बाळाप्रती असलेली त्याची पहिली जबाबदारी आहे. एक छोटी सूचना आणखी. मुखमैथुनाच्या वेळी योनीत हवा फुंकू नये. ती रक्तात शिरून जीव जाऊ शकतो. क्वचित घडते, पण माहीत असावे.

आणि संमती. गरोदर बाईचे ‘नको’ हे नकोच असते, त्याला वैद्यकीय कारणाची जोड लागत नाही. वार वर असो की खाली, सोनोग्राफी कितीही उत्तम असो. वरच्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात ३.१ टक्के विवाहित स्त्रियांनी गरोदरपणात मारहाण सोसल्याचे सांगितले आहे. डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर थांबवून बाईशी दोन मिनिटे एकांतात बोलावे ते यासाठी, आणि मग नवऱ्याला आत बोलावून दोघांशी बोलावे ते बाकी सगळ्यासाठी. पोट वाढल्यावर बाईने पाठीवर सरळ झोपणे टाळावे, कारण वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते. कुशीवर झोपून किंवा बाई वर असताना तिला त्रास कमी होतो, खोली आणि गती तिच्या हाती राहते. हे चार शब्द नवऱ्याच्या कानावर पडले तर फार काही बिघडत नाही. संबंध नको असतील तेव्हाही पाय चेपणे, पाठीला तेल लावणे, मिठीत झोपणे यांना कुठलीच बंदी नाही. ‘जपून राहा’चा अर्थ हातही लावायचा नाही असा घेतला गेला की बाई सगळ्यात एकटी पडते.

आपल्या मराठी घरांत यात आणखी एक गोष्ट येते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. भोपाळच्या मराठी कुटुंबांत हे माहेर पुष्कळदा नागपूर, अमरावती, जळगाव किंवा इंदूरला असते. आईच्या हातचे जेवण आणि विश्रांती यांचे मोल मी कमी लेखत नाही. रक्तक्षयी मुलीला ते औषधच आहे. पण त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांतल्या तपासण्यांना नवरा नसतो, कळांच्या वेळी नसतो, आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर घरी परत येते ती त्याला अनोळखी झालेली बाई असते. तिचे शरीर बदललेले, झोप मोडलेली, छाती बाळाची झालेली. अंतर पडले हे त्याला कळते, का पडले ते कळत नाही. निदान एका तपासणीला त्याने गाडी पकडून जावे, एवढा आग्रह घरच्या वडीलधाऱ्यांनी धरायला हवा.

बाळंतिणीचा सव्वा महिना आणि भोपाळच्या मुस्लिम घरांतले चाळीस दिवस यांत रूढी आणि शास्त्र बरेचसे एका जागी येतात. वार सुटते तिथे गर्भाशयात ओली जखम असते, ती भरायला आणि गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. अंगावरून जाणे थांबण्याआधी संबंध आले तर जंतू आत जाण्याची भीती असते. पण रूढी एक्केचाळिसाव्या दिवसाबद्दल काही सांगत नाही. त्या दिवशी दुखते. दूध पाजणाऱ्या आईत प्रोलॅक्टिन वाढलेले आणि इस्ट्रोजेन खूप उतरलेले असते, त्यामुळे योनिमार्ग कोरडा आणि पातळ राहतो. टाक्यांची जागा ओढल्यासारखी होते. सिझेरियन झालेल्यांनाही दुखते, कारण कोरडेपणा सगळ्यांना सारखाच. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित जेल मिळते, त्याने खूप फरक पडतो. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, तेलाने रबर फाटते. तीन-चार महिन्यांनंतरही दुखत असेल तर ‘सगळ्यांनाच होते’ म्हणून सोसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी थांबवताना जे स्नायू आवळतो ते दिवसातून काही वेळा आवळून सोडण्याचा व्यायाम अमेरिकी डॉक्टर केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला. खोकताना लघवी सुटणे त्याने कमी होते, अंग बाहेर येण्याचा त्रास सुरुवातीचा असेल तर त्यातही आराम पडतो आणि संबंधातली संवेदनाही सुधारते. तो फुकट आहे, कुठेही बसून होतो. जवळिकीच्या वेळी छातीतून दूध आले तर घाबरू नये. पान्हा फोडणारे ऑक्सिटोसिनच त्या वेळीही स्रवते.

इच्छाच नसणे आणि सतत रडू येणे, बाळही नकोसे वाटणे, झोप येऊनही न लागणे हे एकत्र असेल तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. भारतातल्या अभ्यासांच्या एकत्रित अंदाजानुसार ते सुमारे २२ टक्के मातांना होते. त्यावर उपचार आहेत.

शेवटी जी चूक सगळ्यात जास्त घरांत होते ती. ‘अजून पाळी आलेली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत.’ पाळीच्या आधी बीज सुटते, म्हणून पाळी न येताही दिवस राहतात. बाळ अंगावर पीत नसेल तर चौथ्या आठवड्यातही बीज सुटू शकते. बाळ सहा महिन्यांच्या आतले, दिवसरात्र फक्त अंगावर पिणारे, वरचे पाणीही नाही आणि आईला पाळी नाही, या तिन्ही अटी पाळल्या तरच दुधाचे संरक्षण सुमारे ९८ टक्के मिळते. एक अट सुटली की ते संपले. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत रुग्णालयातच तांबी बसवता येते. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दूध पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देतात. लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी दूध पाजतानाही चालते. तिन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि निरोधही. पुढचे बाळ दोन वर्षे तरी पोटात येऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. त्या दिवशी दोघांनी जावे आणि दोघांनी विचारावे: आम्हाला बंदी आहे का, असेल तर कशामुळे, आणि कधीपर्यंत? बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात, त्यांची एक ठरलेली भेट ४२ व्या दिवशी असते. त्या दिवशी बाळाचे वजन करून झाले की त्यांना चहाला थांबवा, दार लोटून घ्या आणि आपल्या दुखण्याबद्दल, पाळणा लांबवण्याबद्दल जे विचारायचे ते विचारून घ्या.